कॅमेऱ्यापुढच्या माणसाचं इंटरनेट

इंटरनेटच्या स्वातंत्र्यावर वर्गात चर्चा निघाली की पाच मिनिटांत आम्ही सगळे एकाच बाजूला जमतो. सरकारने नेट बंद करू नये, कंपन्यांनी न विचारता व्हिडिओ उडवू नयेत, आम्हाला जे दाखवायचं ते दाखवू द्यावं. हे सगळं मलाही मान्य आहे. पण नीट पाहिलं तर ही मागणी कॅमेरा धरणाऱ्याची आहे. कॅमेऱ्यापुढे उभा राहून बोलणारा माणूस या चर्चेत कुठेच नसतो. मी माध्यमांची विद्यार्थिनी आहे. मुलाखती चित्रित करणं, त्या एडिट करणं आणि सोशल मीडियावर टाकणं हा माझ्या अभ्यासाचा भाग आहे, आणि आवडीचाही. ते करताना माझं एक मत पक्कं होत गेलं. ज्याची मुलाखत घेतली त्याला नंतर ‘हे काढून टाक’ म्हणता येणं, आणि त्याचं ते म्हणणं ऐकलं जाणं, हा इंटरनेटच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.

माझ्या काही मित्रांना यात सेन्सॉरशिपचा वास येतो. म्हणून आधी त्यांच्या बाजूचं बोलते.

1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं एकोणिसावं कलम माहिती शोधण्याचा, मिळवण्याचा आणि पोचवण्याचा हक्क देतं, तोही कुठल्याही माध्यमातून आणि देशांच्या सीमा न मानता. लिहिणाऱ्यांपुढे तेव्हा छापखाने आणि रेडिओ होते, तरी ते कलम आज वाचलं तर नेटसाठीच लिहिल्यासारखं वाटतं. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने ठराव केला, की माणसाला एरवी जे हक्क आहेत तेच ऑनलाइनही राखले गेले पाहिजेत. ठराव करणं सोपं असतं. त्याच्या आदल्याच वर्षी इजिप्तच्या सरकारने निदर्शनं भडकताच जवळजवळ अख्ख्या देशाचं इंटरनेट काही दिवस बंद ठेवलं होतं. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट 2019 मध्ये नेट बंद झालं आणि तिथे फोर-जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला. मधल्या काळात, जानेवारी 2020 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितलं होतं, की इंटरनेटबंदी बेमुदत असू शकत नाही आणि बंदीचे आदेश लोकांना पाहता आले पाहिजेत. नेपाळमध्ये सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने नोंदणी न केलेल्या सोशल मीडिया ॲपवर बंदी घातली, तरुण रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. (त्या आंदोलनात भ्रष्टाचाराचा साचलेला राग होता. नुसत्या ॲपसाठी कुणी गोळ्या झेलत नाही.)

आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम 66 अ. ‘त्रास’, ‘गैरसोय’ असल्या मोघम शब्दांच्या आधारावर हे कलम माणसाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात पाठवू शकत होतं. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली. त्यातल्या एकीने ती पोस्ट फक्त लाइक केली होती. विशीतल्या श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि मार्च 2015 मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द केलं. त्यानंतरही काही ठिकाणी पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल धक्का व्यक्त करावा लागला. हातात फोन असलेल्या कुणालाही हे विसरून चालणार नाही.

मला मात्र यांपेक्षा एक कमी गाजलेला निकाल जास्त जवळचा वाटतो. केरळमधल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी काही तास फोन वापरायला मनाई होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला वसतिगृहातून काढलं, ती उच्च न्यायालयात गेली. 2019 मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे आणि खासगीपणाच्या हक्काचाही. माझा सगळा मुद्दा या दुसऱ्या हक्काशी आहे. नेटवर जाता येणं आणि आपलं खासगीपण आपल्या ताब्यात असणं या गोष्टी इथे एकाच निकालात शेजारी शेजारी आल्या. आमच्या वर्गातल्या चर्चेत पहिली असते, दुसरी गळते.

आता मुलाखतीकडे येते.

माइक पुढे केला की माणूस बदलतो, हे ज्याने एकदा तरी बाइट घेतली आहे त्याला माहीत असतं. कुणी आवाज चढवतो, कुणी शाळेत उत्तर दिल्यासारखं बोलतो, कुणी सोबतच्या मित्राकडे बघून हसतो. त्याला वाटतं, आपण या समोरच्या मुलीशी बोलतोय. माझ्याशी तो बोलतच नसतो. तो कधी न भेटणाऱ्या लाखभर लोकांशी बोलत असतो, आणि त्यातले काही जण त्याला पाच वर्षांनी ऐकणार असतात. विषय मी ठरवलेला, प्रश्न मी ठरवलेला, फ्रेम माझी, आणि त्याच्या बारा मिनिटांतली कुठली चाळीस सेकंद जगासमोर जाणार हेही माझ्याच हातात. त्याच्या हातात काय असतं? फक्त ‘हो, विचारा’ म्हणणं.

रस्त्यावर माणसं थांबवून प्रश्न विचारण्याचा प्रकार जुना आहे. 1960 च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये ज्याँ रूश हे मानववंशशास्त्रज्ञ आणि एदगार मोरँ हे समाजशास्त्रज्ञ एक माहितीपट बनवत होते. त्यांच्या सहकारी तरुणी माइक आणि रेकॉर्डर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायच्या: तुम्ही सुखी आहात का? आजच्या माइकवाल्या रीलची आजी शोभावी अशी ती फिल्म. पण तिच्यात पुढे जे घडतं ते आमच्या पिढीने उचललंच नाही. रूश आणि मोरँ यांनी चित्रित केलेला भाग त्यात दिसणाऱ्या लोकांनाच पडद्यावर दाखवला आणि त्यांचं मत विचारलं. कुणी म्हणालं, हे फारच उघडंनागडं झालंय. कुणाला त्यात अभिनय दिसला. ती सगळी वादावादी त्यांनी फिल्ममध्येच ठेवली. प्रश्न विचारण्याची युक्ती जगभर पसरली. दाखवण्याचा प्रामाणिकपणा पॅरिसमध्येच राहिला.

दाखवण्याची गरज का, हे एडिटच्या टेबलावर बसल्याशिवाय कळत नाही. माणूस अडखळतो तिथे आपण कापतो, मग कापल्याचं दिसू नये म्हणून त्यावर त्याच्या हातांचा किंवा रस्त्याचा शॉट टाकतो. ही आम्हाला शिकवली जाणारी साधी गोष्ट आहे, यात लबाडी नाही. पण याच कात्रीने ‘पण’ च्या आधीचं वाक्य ठेवून नंतरचं उडवता येतं. ‘मला शिकायचा कंटाळा येतो, पण माझे शिक्षक असे शिकवतात की बसून राहावंसं वाटतं’ या वाक्याचे पहिले चार शब्द ठेवले की एक मजेदार क्लिप तयार होते. प्रश्न गाळला तर उत्तर भलत्याच गोष्टीचं वाटतं. विचार करायला घेतलेली शांतता कापली तर माणूस उथळ वाटतो, आणि तीच शांतता लांबवून वर दुःखी संगीत घातलं तर तो खचलेला वाटतो. सबटायटलमधला कुठला शब्द मोठा आणि पिवळा करायचा हेसुद्धा एक मतच असतं. फ्रेममधलं एकही चित्र खोटं नसताना अख्खी मुलाखत खोटी होऊ शकते.

याचं सगळ्यात निर्लज्ज रूप म्हणजे रस्त्यावरची सामान्यज्ञानाची परीक्षा. वीस जणांना साधा प्रश्न विचारायचा, सतरा जणांनी बरोबर उत्तर दिलं तर ते फेकून द्यायचं, आणि चुकलेले तिघे एकामागोमाग दाखवून ‘बघा आजची पिढी’ म्हणायचं. बघणारे हसतात, शेअर करतात. ॲपला लोक किती वेळ थांबले आणि किती जणांनी पुढे पाठवलं एवढंच कळतं, त्यामुळे तेही तीच क्लिप आणखी लोकांपुढे ढकलतं. मुलगी असेल तर कमेंटमध्ये उत्तराबद्दल कमी आणि कपड्यांबद्दल जास्त लिहिलेलं असतं. बोलीचा हेल जरा वेगळा असला की तोच विनोद होतो. क्लिप बनवणारा म्हणतो, मी तर फक्त प्रश्न विचारला.

‘त्याने हो म्हटलं होतं ना?’ हा या सगळ्यावरचा ठरलेला जबाब आहे. हो म्हटलं होतं, पण कशाला? वर्गातल्या प्रकल्पासाठी दिलेला होकार जाहिरातीसकट चालणाऱ्या चॅनेललाही लागू होतो का? चौदा मिनिटांच्या मुलाखतीला दिलेला होकार तिच्यातल्या अकरा सेकंदांना लागू होतो का? आता तर रेकॉर्ड केलेल्या थोड्याशा आवाजावरून त्याच आवाजात भलतंच वाक्य बोलवून घेणारी साधनं कुणालाही मिळतात. म्हणजे मी अपलोड केलेल्या मुलाखतीतून त्या माणसाने न बोललेली मुलाखतही तयार होऊ शकते. शिवाय होकार मागितला जातो तो क्षण पाहा. आजूबाजूला मित्र, समोर कॅमेरा चालू, नाही म्हटलं तर भित्रा ठरण्याची भीती. सतरा वर्षांचा मुलगा अशा वेळी प्रेमाबद्दल, धर्माबद्दल, आईवडिलांबद्दल काहीही बोलून जातो. पंचविसाव्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी त्याचं नाव शोधलं जातं आणि ते बोलणं वर येतं.

मुलांच्या संरक्षणासाठी ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्यांना मोठ्या सोशल मीडिया ॲपवर खातं ठेवायला बंदी केली आहे. त्या बंदीच्या बऱ्यावाईटात मी शिरत नाही, पण एक गोष्ट तिथे सुटते. खातं नसलेलं मूलही दुसऱ्याच्या रीलमध्ये दिसू शकतं. कायदा खातेदाराचा विचार करतो, दाखवल्या जाणाऱ्याचा नाही.

मग कायदाच करावा का? कॅमेरा पुढे आणि कायदा मागे, असंच आजवर झालेलं आहे. 1888 मध्ये कोडॅकचा हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला. दोन वर्षांनी सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या अमेरिकी वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर तो प्रसिद्ध लेख लिहिला, आणि त्यात त्यांची तक्रार झटपट फोटो आणि वर्तमानपत्रांबद्दलच होती. 1898 मध्ये जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले तेव्हा दोन छायाचित्रकारांनी चोरून आत शिरून मृतदेहाचा फोटो काढला. त्यानंतर उठलेल्या वादातून जर्मनीत 1907 मध्ये स्वतःच्या चित्रावर माणसाचा हक्क मानणारा कायदा आला. 2014 मध्ये युरोपियन न्यायालयाने स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या जुन्या कर्जापायी झालेल्या मालमत्तेच्या लिलावाची 1998 मधली नोटीस, त्याचं नाव शोधलं की गुगलवर वर यायची. न्यायालयाने गुगलला तो दुवा काढायला लावला. वर्तमानपत्रातली मूळ नोटीस मात्र तशीच राहिली. हा मधला मार्ग मला पटतो. नोंद पुसली नाही, फक्त ती माणसाच्या नावाला कायमची चिकटून राहणं थांबवलं.

तरीही हे काम सरकारच्या हाती सोपवायला माझं मन धजत नाही. भारतात 2023 च्या वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने खासगीपणाच्याच नावाखाली माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मधली वैयक्तिक माहितीची तरतूद बदलली. व्यापक जनहितासाठी अशी माहिती देण्याची त्या तरतुदीतली सोय तीतून गेली. पत्रकारितेला वेगळी सूट त्या कायद्यात दिलेली नाही. खासगीपण हा शब्द सत्तेच्या हाती लागला की तो सर्वांत आधी सत्ताधाऱ्यांनाच झाकतो. 66 अ चा इतिहास समोर असताना, ‘व्हिडिओ काढायला लावणारा’ आणखी एक मोघम कायदा मागायला मी जाणार नाही.

माझी मागणी पहिल्यांदा आम्हा कॅमेरा धरणाऱ्यांकडे आहे. मुलाखतीआधी हे कुठे जाणार ते स्पष्ट सांगावं आणि होकार कॅमेऱ्यावर घ्यावा. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण आधीचा होकार हा न पाहिलेल्या गोष्टीला दिलेला असतो. कापून तयार झालेली क्लिप टाकण्याआधी त्या माणसाला पाठवावी. त्याला आपला नंबर द्यावा, आणि पुढे कधीही त्याने सांगितलं तर कारण न विचारता ती काढावी. मूळ फुटेज जपून ठेवावं, म्हणजे ‘मी असं म्हणालोच नाही’ असा वाद झाला तर तपासता येईल. यातलं काहीच अवघड नाही, फक्त वेगाच्या आड येतं. ट्रेंड दोन दिवसांत जुना होतो आणि समोरच्याचं उत्तर यायला तीन दिवस लागतात. अशा वेळी ट्रेंड जाऊ द्यावा, असं माझं मत आहे. यावर माझ्या वर्गातले निम्मे लोक डोळे फिरवतात, त्याला इलाज नाही.

एकदा बाहेर गेलेली क्लिप परत येते थोडीच, असा एक रास्त आक्षेप आहे. नाही येत. 2018 मध्ये अफवांवरून जमावाने माणसं मारल्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला, प्रती नाहीशा झाल्या नाहीत. पण मूळ जागेवरून क्लिप काढली की नव्या लोकांपुढे ती ढकलली जाणं बऱ्याच अंशी थांबतं, नाव शोधल्यावर सापडणं कमी होतं. पूर्ण बरं करता येत नाही म्हणून काहीच करू नये, हा तर्क आपण दुसरीकडे कुठे लावत नाही.

जास्त गंभीर आक्षेप पत्रकारितेचा आहे. प्रत्येकाला आपलं बोलणं मागे घेता आलं तर उद्या मंत्रीही पत्रकार परिषद मागे घेतील. नाही, त्यांना घेता येणार नाही. माझ्या म्हणण्यातला हक्क आपल्या आयुष्याबद्दल बोलणाऱ्या माणसाचा आहे, अधिकाराच्या जागेवरून बोलणाऱ्याचा किंवा वागणाऱ्याचा नाही. 25 मे 2020 रोजी अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा दाबून धरला, तेव्हा 17 वर्षांच्या एका मुलीने ते फोनवर चित्रित केलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात तो मृत्यू वैद्यकीय घटना म्हणून आला होता. तिचा व्हिडिओ नसता तर तेच निवेदन कागदोपत्री खरं राहिलं असतं. पुढच्या वर्षी पत्रकारितेचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने तिचा खास गौरव केला. त्या पोलिसाची संमती घेण्याचा प्रश्नच येत नाही. ड्यूटीवरचा पोलीस, खुर्चीवरचा अधिकारी, सभेतला पुढारी, लाखो अनुयायांना औषध विकणारा इन्फ्लुएन्सर यांचं बोलणं लोकांचं आहे. कट्ट्यावर बसलेल्या मुलाचं बोलणं त्याचं आहे. मधली काही माणसं या रेषेवर येतात, उदाहरणार्थ आंदोलनात घोषणा देणारी तरुणी. तिची घोषणा जाहीर आहे, पण तिचा चेहरा उद्या तिच्या घरी पोलीस पाठवू शकतो. 2012 मध्ये यूट्यूबने व्हिडिओतले चेहरे धूसर करण्याची सोय दिली ती निदर्शकांना डोळ्यांसमोर ठेवूनच. ती सोय तेव्हापासून आहे. वापरताना फारसं कुणी दिसत नाही, कारण धूसर चेहऱ्याला व्ह्यूज कमी मिळतात.

एक प्रश्न मात्र मला अजून छळतो. समजा, एखाद्या बाईने कॅमेऱ्यापुढे आपल्यावर झालेला अन्याय सांगितला, करणाऱ्याचं नाव घेतलं, आणि दोन आठवड्यांनी तिचा फोन आला: काढून टाका. तिला कुणी धमकावलं आहे हे तिच्या आवाजावरून कळतं. तिचं ऐकलं तर धमकावणारा जिंकतो. न ऐकलं तर तिच्या जिवावर मी शूर ठरते. वरिष्ठ पत्रकार म्हणतात, अशा वेळी जनहित पाहायचं. मला वाटतं, जनहितासाठी जोखीम घ्यायची असेल तर ती माझी असावी, तिची नाही. क्लिप त्याच दिवशी उतरवावी. फुटेज पुसू नये, पण ते तिच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवूही नये. आणि त्या अन्यायाची बातमी तिच्याशिवाय उभी करता येते का ते पाहावं: कागदपत्रं, दुसरे साक्षीदार, माहिती अधिकाराचा अर्ज, जिथे जिथे मला चालत जावं लागेल तिथे. याला महिने लागतील आणि त्यातून कदाचित एकही रील निघणार नाही.